काचेची शेगडी आणि ओलं फडकं



आज मी तुम्हाला एक इतिहास सांगणार आहे. राजा-महाराजांचा नाही, लढायांचाही नाही. स्वयंपाक झाल्यावर चूल पुसायची, या आपल्या रोजच्या कामाचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय इतिहास? मलाही तसंच वाटायचं. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीत एक प्रसंग घडला आणि मला या कामाच्या मागे जाऊन बघावंसं वाटलं.

आमच्या गटाला फराळाची मोठी ऑर्डर मिळाली होती. ज्यांच्या घरात जागा जास्त, त्यांच्याकडे आम्ही सहा जणी जमलो. घरातली शेगडी नवीन होती, काचेची, काळी चकचकीत. तिच्यावर आम्ही लग्नघरातली मोठी कढई ठेवली आणि चार तास चिवडा तळला. शेवटचा घाणा निघाला, कढई खाली उतरवली. काचेवर तेल सांडलं होतं. मी घाईत होते. म्हणाले, "काकू, पटकन पुसून घ्या, पॅकिंगला बसायचंय." काकूंनी ओलं फडकं घेतलं आणि शेगडीवर टाकलं. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि काचेचा चुरा चुरा झाला. काकूंच्या हाताला चार ठिकाणी कापलं. शेजारी परातीत गार करत ठेवलेल्या चिवड्यात काच उडाली. अकरा किलो चिवडा आम्ही खड्ड्यात पुरला.

खरं सांगते, त्या वेळी मी काकूंवर चिडले. "गरम काचेवर ओलं फडकं कुणी लावतं का?" असं सगळ्यांसमोर बोलले. काकू रक्त पुसत शांतपणे म्हणाल्या, "ताई, पंधरा वर्षं स्टीलची शेगडी अशीच पुसत आले. काचेला काय चालतं, काय चालत नाही, हे मला कधी कुणी सांगितलं?"

त्यांचं बरोबर होतं. मी बी.ए. झालेली, गटाची समन्वयक. मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि पटकन पुसा म्हणणारी मीच होते.

तर मग सुरुवातीपासून सुरुवात करू.

मातीची चूल

आमच्या मराठवाड्यात माझ्या आजीच्या घरी मातीची चूल होती, बाजूला वैल. जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. आजी पहाटे उठली की आधी चुलीतली राख काढायची. ती राख भांडी घासायला बाजूला ठेवायची. मग शेण-मातीच्या पाण्यात फडकं बुडवून चुलीवर पोतेरं फिरवायची. ते वाळलं की मगच जाळ. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा हात द्यायची, म्हणजे काजळी मातीबरोबर निघून यायची, घासायला जोर लागायचा नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आजी पोतेरं नेहमी सकाळी फिरवायची, चूल रात्रभर थंड झाल्यावर. मी लहान असताना एकदा संध्याकाळी तापल्या चुलीवर पोतेरं फिरवायला गेले तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "अगं, चुलीला तडा जाईल. आधी तिला निवू दे." या वाक्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

चूल स्वस्त होती, पण तिचा धूर बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा. त्यावर उपाय शोधणारी माणसंही होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता हे आपल्याला माहीत आहे. त्याच हैदराबादमध्ये डॉ. एस. पी. राजू नावाच्या अभियंत्यांनी १९५० च्या आसपास धुराडं असलेली, बिनधुराची चूल तयार केली. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगाव अशा चुली बसवल्या. त्याच सुमारास कर्क स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञांनी आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांजवळ यंत्रं लावून धूर मोजला. चुलीपुढच्या बाईच्या श्वासात किती धूर जातो, हे तेव्हा आकड्यांत मांडलं गेलं.

सुधारित चुली बऱ्याच ठिकाणी टिकल्या नाहीत. त्याची कारणं अनेक होती, पण एक कारण आपल्या विषयाचं आहे. धुराड्यात काजळी साठते आणि ते वरचेवर साफ करावं लागतं. चूल बसवून देणारे आले आणि गेले. धुराडं कुणी साफ करायचं, कधी, कशाने, हे सांगायला पुष्कळ ठिकाणी कुणी थांबलं नाही. धुराडं तुंबलं, धूर परत घरात आला आणि बाईने जुनी चूल मांडली.

रॉकेलचा स्टोव्ह आणि पिन

चुलीनंतर आला रॉकेलचा स्टोव्ह. पंप मारायचा पितळी स्टोव्ह जुन्या बायांना आठवत असेल. त्याचा जन्म स्वीडनमधला. स्टॉकहोम शहरात फ्रान्स विल्हेम लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये तो बनवला. हवेच्या दाबाने रॉकेल वर चढायचं, तापलेल्या नळीत त्याची वाफ व्हायची आणि ती निळ्या ज्योतीने जळायची. म्हणून काजळी नाही. त्याचं नाव 'प्रायमस'. आपल्याकडे कितीतरी घरांत स्टोव्हलाच प्रायमस म्हणत.

या स्टोव्हची साफसफाई म्हणजे पिन. बर्नरचं छिद्र बारीक, रॉकेलमध्ये कचरा असला की तुंबायचं. मग पत्र्याच्या पट्टीला लावलेल्या बारीक तारेने छिद्र मोकळं करायचं. पिन कधी मारायची, दाब आधी सोडायचा का नंतर, पेटता स्टोव्ह भरायचा नाही, हे सगळं बायका एकमेकींना बघून शिकल्या. चुकलं तर भडका उडायचा. साडीचा पदर, बसून स्वयंपाक, हाताशी रॉकेल. पुढे वातीचे स्टोव्ह आले. इंडियन ऑइलच्या संशोधन विभागाने केलेला 'नूतन' स्टोव्ह पुष्कळ घरांत होता. त्यात पंपाची भीती नव्हती, पण वाती कापायच्या, काजळी पुसायची, हे काम राहिलंच.

इथे एक जड गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" ही ओळ एके काळी वर्तमानपत्रात वरचेवर यायची. त्यातले काही खरे अपघात होते. पण सगळेच नव्हते. हुंड्यासाठी सुनेला जाळायचं आणि स्टोव्हचं नाव सांगायचं, असंही घडत होतं. १९८० च्या आगेमागे पुण्या-मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी विचारलं, "स्टोव्ह फक्त सुनांच्याच अंगावर कसे भडकतात?" त्यातून कायदा बदलला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८अ हे सासरच्या छळाचं कलम आलं. १९८६ मध्ये ३०४ब हे हुंडाबळीचं कलम आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा संशयास्पद रीतीने मेली आणि मरणाआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी मानला जाऊ लागला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हीच तरतूद हुंडाबळीसाठी कलम ८० आणि छळासाठी कलम ८५ मध्ये आहे.

हे मी का सांगते? स्वयंपाकघरात काही झालं की दोष पटकन बाईवर जातो. "तिचं लक्ष नव्हतं, तिलाच नीट वापरता येत नाही." आधी चौकशी करावी, मग बोलावं. माझ्याच तोंडून त्या दिवशी काकूंबद्दल तेच वाक्य निघालं, याची मला आजही लाज वाटते.

गॅस आला

आपल्या देशात घरगुती गॅसची विक्री १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाली. बर्मा शेल कंपनीने ती सुरू केली. १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा 'इंडेन' गॅस कोलकात्यात पहिल्या घरी पोहोचला. १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली. पण ही सगळी शहरांची गोष्ट. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. खेड्यात गॅस म्हणजे मास्तरांच्या नाहीतर डॉक्टरांच्या घरची वस्तू.

खेड्यात गॅस मोठ्या प्रमाणावर आला तो उज्ज्वला योजनेने. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे ती सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिचं आठ कोटीवं कनेक्शन दिलं गेलं ते आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि तेही बचत गटांच्या महिला मेळाव्यात. सिलिंडर भरून आणणं प्रत्येकीला परवडतंच असं नाही. कितीतरी घरांत आजही गॅसशेजारी चूल आहे. पण शेगडी घरात आली.

पहिली शेगडी बहुतेकींची स्टीलची. स्टील तापलं, त्यावर पाणी पडलं, तर चर्र आवाज होतो, दुसरं काही होत नाही. तारेच्या घासणीने घासा, राखेने घासा, चालतं. त्यामुळे "आधी निवू दे" हा आजीचा नियम आपण विसरलो. गरज पडली नाही, म्हणून विसरलो.

काच शेगडीवर कशी आली

गेल्या वीसेक वर्षांत काचेची शेगडी आधी शहरात, मग बाजाराच्या गावात, मग आपल्याकडे आली. लग्नात आंदण म्हणून येते, दिवाळीत हप्त्याने येते. दिसायला सुंदर, पुसायला सोपी, असं दुकानदार सांगतो. पुसायला सोपी आहेच, पण तिचे नियम वेगळे आहेत.

ही काच खिडकीच्या काचेसारखी नसते. तिला टफन्ड म्हणजे कडक केलेली काच म्हणतात. फ्रान्समध्ये दे ला बास्ती यांनी १८७४ मध्ये अशी काच करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजच्या कारखान्यात काच ६०० अंशांहून जास्त तापवतात आणि तिच्यावर थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर लगेच घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो. त्यामुळे बाहेरचा थर दाबलेला राहतो आणि आतला ताणलेला. हा ताण आहे म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते. पण कडेला टवका उडाला, ओरखडा खोल गेला, किंवा एकाच काचेचा एक भाग खूप गरम आणि दुसरा एकदम थंड झाला, की तो साठलेला ताण एका क्षणात सुटतो. मग एक तडा जात नाही. सगळ्या काचेचे बारीक तुकडे होतात.

आमच्या दिवाळीत हेच झालं. कढई मोठी होती. तिने जाळ खाली काचेवर परतवला. चार तास काच तापत राहिली. मग त्यावर थंड ओलं फडकं.

आणखी एक गोष्ट. मोबाईलवर व्हिडिओ येतात, परदेशातली बाई काचेच्या शेगडीवरचा करपलेला डाग ब्लेडने खरवडते. ती काच आपली नव्हे. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी हे शास्त्रज्ञ १९५३ मध्ये काचेचा एक तुकडा भट्टीत तापवत होते. भट्टी बिघडली आणि ६०० ऐवजी ९०० अंशांपर्यंत गेली. तुकडा पांढरा झाला. बाहेर काढताना चिमट्यातून जमिनीवर पडला आणि फुटलाच नाही. ती काच-सिरॅमिक. तापल्यावर ती जवळजवळ फुगत नाही, म्हणून विजेच्या शेगड्यांना ती वापरतात. आपल्याकडच्या इंडक्शनवरही बहुधा तीच असते. गॅसच्या शेगडीवरची काच वेगळी. तिला ब्लेड लावायचं नाही.

आता पुसायचं कसं

वही-पेन असेल तर लिहून घ्या.

१. आधी बटणं बंद, मग रेग्युलेटर बंद.

२. शेगडी निवू द्या. निदान अर्धा तास. हात काचेजवळ नेऊन ऊब लागत नाही ना, हे बघा. दूध उतू गेलं तरी घाई नको. गॅस बंद करा आणि थांबा. डाग मागाहून निघतो.

३. जाळ्या आणि बर्नर उचलून बाजूला ठेवा. सांडलेले दाणे, मीठ, साखर कोरड्या मऊ फडक्याने टिपून घ्या. दाणे तसेच घासले तर ओरखडे पडतात.

४. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब. फडकं घट्ट पिळून पुसा. शेगडीवर पाणी ओतायचं नाही. ते बटणांत आणि बर्नरच्या नळीत जातं.

५. करपलेला डाग असेल तर साबणाचं ओलं फडकं पंधरा मिनिटं त्यावर पसरून ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून त्याचा लेप लावा आणि मऊ फडक्याने गोल गोल चोळा. एकदा नाही निघाला तर दुसऱ्यांदा करा.

६. तारेची घासणी, राख, वाळू, विटेचा चुरा, सुरी, ब्लेड काचेला लावायचं नाही. संडास धुण्याचं ॲसिडही नको. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

७. बर्नर गरम साबण-पाण्यात भिजवा, जुन्या ब्रशने घासा, छिद्रं पिनने मोकळी करा. आजीची स्टोव्हची पिन इथे कामाला येते. पूर्ण वाळवूनच परत बसवा. ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडती ज्योत दिसली तर बर्नर ओला आहे किंवा तुंबला आहे.

८. महिन्यातून एकदा रबरी नळीवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी लावून कधीच बघू नका. नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर नळी बदला. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

वापरतानाही काही जपायचं. जाळ्यांच्या बाहेर जाईल एवढं मोठं भांडं तासन्‌तास ठेवू नका. गरम तवा उचलून काचेवर टेकवू नका. काचेच्या कडेला टवका उडाला असेल तर ती शेगडी वापरूच नका. इंडक्शन पुसायच्या आधी प्लग काढा. एवढं करूनही क्वचित काच आपोआप फुटते, कारण बनवताना तिच्यात निकेल सल्फाइडचा बारीक कण राहून गेलेला असतो. तेव्हा त्यात कुणाचीच चूक नसते.

गटाचा फराळ, पापड, लोणची करणाऱ्या बायांसाठी वेगळं सांगते. घरची काचेची शेगडी धंद्यासाठी नाही, आणि घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमातही बसत नाही. लोखंडी भट्टी आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. आम्ही त्या दिवाळीनंतर गटाच्या अंतर्गत कर्जातून भट्टी घेतली. अकरा किलो चिवडा पुरल्यावर हे शहाणपण आलं.

शेवटी

मैत्रिणींनो, मागे वळून बघितलं तर एक दिसतं. सुधारित चूल आली, स्टोव्ह आला, गॅस आला, काच आली. प्रत्येक वेळी वस्तू घरात पोहोचली, पण ती राखायची कशी हे सांगणारं माणूस पुष्कळदा पोहोचलं नाही. खोक्यात माहितीचं पुस्तक असतं, बहुधा इंग्रजीत, आणि खोकं माळ्यावर जातं. मग बाई आपल्या आईने शिकवलेलं करते, आणि चुकलं की बोलणी खाते.

म्हणून आमच्या गटाने एक नियम केला आहे. कुणाच्या घरी नवीन वस्तू आली, की पुढच्या मासिक बैठकीत त्या खोक्यातलं पुस्तक आणायचं. जिला इंग्रजी येतं तिने ते मराठीत वाचून सांगायचं. पहिल्या बैठकीत मी काचेच्या शेगडीचं वाचलं. काकू समोरच बसल्या होत्या. हातावरचे व्रण अजून दिसत होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, त्या दिवशी चूक माझी होती." काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं. पण पुढचं नीट वाच, मला ऐकायचंय."

वाचताना कळलं, पुस्तकात पहिलीच सूचना होती ती आजीचीच. आधी निवू दे.

तुमच्या गटातही असं वाचन सुरू करा. आणि आज रात्री स्वयंपाक झाल्यावर फडकं हातात घेण्याआधी अर्धा तास बसा. तेवढीच विश्रांती.